बिनआवाजाची अक्षरं

माझी सून नातीला फोनिक्सनं वाचायला शिकवते. "आई, अक्षराचं नाव नाही, त्याचा आवाज शिकवायचा असतो," असं वर मलाच ऐकवते. मी मुकाट्यानं मान डोलावते. आमच्या घरी आवाजालाच बंदी होती, हे तिला कुठे माहीत!

आमची एकच खोली. बाबा गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार, त्यामुळे दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपलेले. आई सकाळपाळीला कापडगिरणीत, मागावर. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या. सासूच्या चुगल्यासुद्धा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या, तोंडातून हूं की चूं न काढता. घरी आल्यावर आई तीच विद्या माझ्यावर चालवायची.

सुताच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिनं त्यांवर अक्षरं काढली होती. एक पुठ्ठा धरायची आणि तोंड करून दाखवायची. माझा तळहात तिच्या ओठांपुढे. फुंकर लागली तर फ, नाही लागली तर प. म शिकवताना माझं बोट स्वतःच्या नाकावर ठेवून मिटल्या ओठांनी अगदी हलकेच गुणगुणायची. नाक हळूच थरथरायचं आणि मला हसू फुटायचं. मग दोन पुठ्ठे शेजारी सरकवायचे आणि तोंडातल्या तोंडात जोडायचे. शब्द जमला की गालगुच्चा. तो गालगुच्चा मला या वयातही हवा आहे, खोटं कशाला बोलू?

सकाळी मला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू घर सोडून चालल्या होत्या. मला यंदा शाळेत घेतलं नाही तर आईला माग सोडावा लागणार होता. माझं वय कमी पडत होतं. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "वाचता येत असेल तर बघू." आईनं छाती फुगवून मला पुढे ढकललं.

बाईंनी पुस्तक उघडून दिलं. मी वाचू लागले.

"अगं, वाच ना."

मी पुन्हा वाचलं, ओठ नीट हलवून.

"नुसती तोंड हलवतेय पोरगी! पुढच्या वर्षी आणा."

वाचताना आवाज काढायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आईचा चेहरा खर्रकन उतरला. पण ती हलली नाही.

"बाई, ती वाचतेय. तुम्ही हवं ते पान काढा. मी तिकडे दाराशी जाते, मला पुस्तक दिसायला नको."

बाईंनी शेवटचं कुठलं तरी पान काढलं. मी ओठ हलवत गेले आणि दारातून आई माझा शब्द न् शब्द खणखणीत बोलत गेली. घाबरून मी मधली एक ओळच गाळली. आईनंही तीच गाळली.

पुस्तक मिटून बाई हसल्या. "तुम्हाला पाठ असतं तर ती ओळ सुटली नसती. घेतलं हिला. पण आता घरी आवाजात वाचू द्या."

घरी येताच बाईंनी दिलेलं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवून आई म्हणाली, "वाच मोठ्यानं."

"बाबा उठतील."

"उठू देत."

मी वाचू लागले. माझाच आवाज मला परका वाटत होता. बाबांनी कूस बदलली तशी मी तोंड मिटलं. ते उठून बसले आणि आम्हा दोघींकडे बघत राहिले.

"हिला वाचता येतं? कधीपासून?"

आईनं पुठ्ठ्यांची चळत त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी एकेक पुठ्ठा उलटून पाहिला.

"माझ्या पाठीमागे एवढं सगळं झालं, आणि मी आपला घोरत पडलो होतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाच."

मी पहिल्यापासून वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्या दिवशी बाबा झोप न काढताच कामावर गेले.