उरलेल्या कापडाचा फ्रॉक

समीक्षानं त्या फ्रॉकला 'पॅनेल ड्रेस' म्हटलं, तेव्हाच रश्मीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण सांगणार कोणाला? सगळं घर लेकीच्या कौतुकात बुडालेलं. रायपूरला फॅशनचा कोर्स करून आलेली पोर, पहिल्यांदाच मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिचे कपडे घालून घरचीच माणसं रॅम्पवर चालणार, आणि विषय काय, तर 'आजी-आजोबांचं कपाट'. अशा वेळी आईनं तोंड वाकडं केलं तर आईच वाईट ठरते.

सगळं सुरू झालं एका जुन्या फोटोपासून. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर, आणि दारासमोर दोन भावंडं. धाकट्या सुशीलच्या अंगात कडक इस्त्रीचा निळा शर्ट आणि त्याच कापडाची हाफपँट. शेजारी रश्मी, घोट्यापर्यंत फ्रॉक, आणि त्या फ्रॉकला वरून खाली निळ्याच्या पाच-सहा छटा. वर राखेसारखा फिका, मग जरा गडद, आणि सगळ्यात खाली कोरा करकरीत निळा.

"मम्मी, ये देख! आजीनं त्या जमान्यात शेडिंग केलं. काय सेन्स होता यार!" समीक्षा नाचायचीच बाकी होती.

सेन्स कसला डोंबलाचा! रश्मीचे वडील दयाराम वॅगन डेपोत फिटर होते. दरवर्षी रेल्वेकडून वर्दीचं निळं कापड मिळायचं. दयाराम जुनीच वर्दी ठिगळं लावून वापरायचे आणि नवं कापड घरात यायचं. ते आलं की रश्मीची माय, म्हणजे हिरा, आधी सुशीलचा शर्ट बेतायची, मग त्याची पँट. मग कात्रीखालून जी चिंधी निसटेल ती रश्मीची. तिचा एकच फ्रॉक होता. पोरगी वाढली की खाली एक पट्टी जोडायची, बस. जुन्या पट्ट्या धुऊन धुऊन फिक्या पडायच्या, नवी तेवढी चमकायची. तीच ही शेडिंग! शाळेच्या फाटकात पोरं ओरडायची, "मालगाडी आ गई, मालगाडी!" आणि एकेक पट्टीला एकेक डबा धरून मोजायची. रश्मी दप्तर पोटाशी धरून चालायची. पण पट्ट्या पार घोट्यापर्यंत होत्या, दप्तर तिथवर कुठून पोचणार?

आता त्याच मालगाडीला हजारो लोक लाइक ठोकत होते. समीक्षानं फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'माझी आजी, माझी पहिली डिझायनर.' रिसालीतल्या शेजारणी भाजी घेताना थांबवून विचारायच्या, "अम्माजी ने सचमुच खुद बनाया था?" सुशीलनं तर कमालच केली. घरच्या ग्रुपवर हात जोडून लिहिलं, 'आमच्या मायचे संस्कार.' रश्मीनं उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी तिनंही एक हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन गादीवर आपटला.

एकदा तिनं लेकीला सगळं सांगितलंही होतं. पट्ट्या कुठून यायच्या, पोरं काय ओरडायची, सगळं. समीक्षाचे डोळे भरून आले. रश्मीला वाटलं, चला, पोहोचलं एकदाचं. तर डोळे पुसत पोरगी म्हणाली, "मम्मी, ये तो और भी सही स्टोरी है! मी मोबाइल लावते, तू असंच बोल ना, एकदम असंच." रश्मी तिथून उठली ती सरळ बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसून राहिली. आपलं दुखणं सांगावं तर त्याचीही झालर होते! मग माणसानं करायचं काय?

कार्यक्रम दोन दिवसांवर आला, तशी हिराआजी सुशीलच्या पद्मनाभपुरातल्या घरून त्याच्याच गाडीत बसून आली. येताना तिनं गाठोड्यातून एक ठेवणीतली वस्तू आणली. दयारामच्या निवृत्तीच्या वर्षीचं वर्दीचं कापड. शिवायचं राहून गेलं होतं आणि घडीचं घडीतच राहिलं होतं. सुशील आईला सोडून, चहा पिऊन परत गेला. समीक्षानं ते कापड हॉलच्या फरशीवर पसरलं आणि खडूनं आखायला बसली. रश्मी स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"आजी, बघ," समीक्षा सांगत होती, "मामाचं लाँग जॅकेट पूर्ण यातूनच निघेल, एकही जोड नाही. तो रॅम्पवर पुढे चालेल. आणि जे वाचेल ना, त्याच्या पट्ट्या काढून मम्मीचा पॅनेल ड्रेस. फोटोसारखाच!"

"हो वं, बराबर," हिराआजी म्हणाली.

रश्मीचे हात परातीत थांबले. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग संताप असा चढला की कानशिलं तापली. ही पोर इतकं शिकली, सगळी हकिकत ऐकून रडली, आणि तरी कात्री घेऊन बसली ती मामासाठी! पिठाच्या हातानंच ती बाहेर आली.

"माय, सांग तिले. माया फ्रॉकले पट्ट्या कावून जोडत होती तू?"

हिरा गोंधळली. "कावून म्हंजे? कापड पुरत नव्हतं."

"सुशीलले कसं पुरे मंग?"

"तो पोरगा होता. शाळेत जाये."

"अन् मी काय म्हशी चाराले जात होती?"

हिराआजीनं पदर सारखा केला. "आता तू भांडून राहिली त काय सांगू? चांगलं दिसे पन ते. लोक म्हनून राहिले न, डिझाइन हाय म्हनून." म्हातारीच्या आवाजात थोडा रुसवाही होता. ऐंशीच्या घरात आल्यावर कोणीतरी पहिल्यांदा तिला काही येतं असं म्हटलं होतं, आणि तेही लेक हिसकावून घेत होती. रश्मीला ते कळलं. कळल्यामुळे तिची चिडचिड आणखीच वाढली, कारण आता धड रागावताही येईना.

"मम्मी, प्लीज," समीक्षा म्हणाली, "शो के बाद बात करते हैं ना? जॅकेट आधीच आखलं मी."

"पुस."

"क्या?"

"खडू हाय, पुसला जाते. आधी माया कुडता काप. सलग. एक जोड दिसला त अंगाले लावनार नाई मी."

"पण मम्मी, सलग म्हणजे एकदम प्लेन! त्यात स्टाइल काय राहील?"

"मले स्टाइल नाई पाहिजे. मले कापड पाहिजे," रश्मी ओरडली आणि तिचा आवाज फाटला. बावन्न वर्षांची बाई निळ्या कापडाच्या मधोमध उभी राहून लहान पोरीसारखी रडायला लागली. समीक्षा मोबाइल शोधेल, असं तिला एक क्षण वाटलंही. पण पोरगी खडूच्या रेघांकडे बघत बसली होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळानं तिनं ओढणीच्या टोकानं जॅकेटची बाही पुसायला घेतली.

हिराआजी पुसल्या जाणाऱ्या रेघांकडे बघत होती. तिला राहवलं नाही.

"अन् सुशीलले?" तिनं विचारलं.

"उरलं त त्याले," रश्मी म्हणाली, आणि माप घेण्यासाठी दोन्ही हात पसरून लेकीसमोर उभी राहिली.