आडव्या वाऱ्याची वही

वारेमास्तर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही तोंडाने नाही, वहीत. त्यासाठी त्यांना दोन महिने लागले. आपल्यासारखी माणसं चहा पिता पिता दहा थापा मारून मोकळी होतात. सवय नसलेल्या माणसाला खोटंसुद्धा ओळी आखून, मेहनतीने करावं लागतं.

बेटावरच्या हवामान चौकीत ते एकटेच नोकरीला होते. दिवसातून चार वेळा वाऱ्याची दिशा आणि वेग वहीत लिहायचा, एवढंच काम. त्यावरूनच लोकांनी हे नाव पाडलं. बेटावर लष्कराची धावपट्टी करायचं ठरलं तेव्हा राजधानीतून पत्र आलं, तीन वर्षांच्या नोंदी घेऊन या. विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणजे वारा जिकडचा, तिकडे पट्टीचं तोंड. आणि वर्षातले आठ महिने वारा यायचा नैर्ऋत्येकडून. ती रेघ बेटावर ओढली की नेमकी वस्तीच्या मधून जायची. वस्तीत त्रेसष्ट घरं, आणि त्यातलं एक मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं.

"काहीतरी कर बाबा," ताई म्हणाली होती. "सरकारात तुझ्याशिवाय आपलं कोण आहे?"

मग मास्तरांनी भरदुपारी दाराला कडी लावून नवी वही लिहायला घेतली. नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेला वळवला. अधूनमधून दोन-चार नोंदी खऱ्याही ठेवल्या, कारण वारा इतका शहाण्यासारखा कधी वागत नाही. तीन वेगवेगळी पेनं वापरली, पानं छपरावर खाऱ्या हवेत वाळवून जुनी केली. खरी वही चुलीत घातली तेव्हा मात्र त्यांना रडू आलं.

राजधानीतल्या कचेरीत लांब टेबलावर बेटाचा नकाशा पसरला होता. मुख्य अभियंता एक बाई होत्या, मास्तरांहून वीस वर्षांनी लहान आणि बोलायला गोड. वही चाळताना त्या दोनदा थांबल्या. "अक्षर अगदी मोत्यासारखं आहे हो तुमचं," म्हणाल्या, आणि मोजपट्टी ठेवून रेघ ओढली. पश्चिमेकडून पूर्वेकडे, वस्तीच्या वरच्या अंगाने. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खोटं इतकं सोपं असतं तर जन्मभर आपण उगाच सरळ वागलो, असंही त्यांना वाटून गेलं.

तीन दिवसांनी सहीसाठी पुन्हा बोलावणं आलं. आता नकाशावर पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाल रेघा होत्या.

"हे काय, बाई?"

"कुंपण."

मास्तर वाकून बघू लागले. वस्तीची एकुलती विहीर कुंपणापलीकडे. होड्यांचा धक्का पलीकडे. वस्ती अलीकडे, आणि तिच्या पाठीशी नुसते खडक आणि समुद्र.

"लोकांनी पाण्याला जायचं कुठून?"

"फाटक ठेवलंय की. आठवड्यातून दोनदा उघडेल, पास दाखवला की."

ताई पाण्याला दिवसातून दोनदा जायची. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, हे सगळं कळत असून ते बोलून गेले, "बाई, ती वही खोटी आहे. वारा नैर्ऋत्येचा आहे. मी बदलला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"माहीत आहे. उपग्रहाचे दहा वर्षांचे आकडे आहेत आमच्याकडे."

"मग?"

"मग काय? पट्टी वस्तीवरून गेली असती तर त्रेसष्ट घरांना दुसरीकडे घर, जमीन, शाळा द्यावी लागली असती. दोन वर्षं त्यातच गेली असती. आता वस्तीला हातच लागत नाही, म्हणजे काही द्यायलाही नको. विमानांची काळजी तुम्ही करू नका, नवी विमानं आडवा वारा सोसतात. आम्हाला फक्त कागदावर वारा पश्चिमेचा म्हणणारा तिथलाच कोणीतरी माणूस हवा होता." बाईंचा आवाज अजूनही तसाच गोड होता. "आणि तुमच्या लोकांना कोणी हलवणार नाही, मास्तर. जातील हळूहळू, आपली आपण."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काही न करता गप्प बसले असते तर ताईला दुसरीकडे घर तरी मिळालं असतं. मास्तरांना बाईंचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःच्या अक्षराचा.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"वहीच्या पहिल्या पानावर तुमची सही आहेच की. ही नुसती पोच."

मास्तरांनी सही केली. मग जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला.

"काय झालं रे?"

"पट्टी वस्तीवरून जात नाही."

ताई आधी रडली, मग हसली. "पट्टीचं कानावर आल्यापासून घराला हात लावला नव्हता मी. आता छपराचे पत्रे बदलून घेते. आणि सगळ्यांना सांगते, तुझ्यामुळे वस्ती राहिली म्हणून."

विहिरीचं मास्तरांनी काढलंच नाही.

"ताई, माझं नाव नको घेऊस," एवढंच ते म्हणाले.

"लहानपणापासून असाच आहेस तू," ताई कौतुकाने म्हणाली. "केलेलं कधी सांगायचं नाहीस."