ढग धुणारी आई

छोटी एकतीस वर्षांची झाली तरी छोटीच राहिली होती, निदान तिच्या ताईसाठी. बाहेर तिचा दरारा होता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये पंधरा माणसं तिच्या हाताखाली होती आणि मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकाने दुसऱ्या शहरात नवी लॅब काढली होती. ती हिनेच सांभाळावी म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. ताईही कानीकपाळी ओरडत होती, की अगं जा, अशी संधी पुन्हा येत नाही. पण छोटी दोनदा नाही म्हणाली. तिकडची हवा मानवत नाही म्हणे! त्या शहरात ती जन्मात गेली नव्हती. आता सोमवारी शेवटचं उत्तर द्यायचं होतं.

घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. ती सहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली होती. उद्या परत आली तर दार उघडायला कुणी नको? वडील वारले होते, ताई लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. म्हणून छोटीने घर सोडलं नव्हतं, दाराचं कुलूपसुद्धा बदललं नव्हतं. हे ती कुणाला सांगत नव्हती. लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि ते काही चुकलं नसतं.

बरं, एवढा भरवसा तिला दिला कुणी? एका जपानी कार्टून सिनेमाने. हसायचं तर हसा, पण लोक याहून फुसक्या गोष्टींवर आयुष्य काढतात.

आई गेली त्याच महिन्यात काकांनी त्या सिनेमाची सीडी आणून दिली होती. बोलणं सगळं जपानी, खाली एक अक्षर नाही. वडील कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग अकरा वर्षांची ताई टीव्हीशेजारी बसून सगळ्यांचे आवाज काढायची. एक मुलगी कंदील घेऊन तळ्याच्या तळाशी असलेल्या शहरात आईला शोधायला जाते. रेनकोट घातलेला गलेलठ्ठ मासा तिला होडीतून नेतो आणि वाटेत सारखी कुरकुर करतो. पलीकडच्या काठावर बायका ढग धूत बसलेल्या असतात. त्यांच्यात तिची आई असते, बाह्या वर सारलेली, कोपरापर्यंत भिजलेली. मुलगी हाक मारते. आई मान वर करते, हसते आणि म्हणते, "रडू नकोस गं. एवढे ढग वाळत घातले की आलेच मी."

ते वाक्य छोटीने शंभरदा तरी ऐकलं असेल. पुढे सीडी खराब झाली, पण वाक्य कुठे खराब होतं? दुसरीकडे तो सिनेमा बघायचा तिने कधी प्रयत्न केला नाही. ताईच्या आवाजाशिवाय त्यात काय मजा!

त्या शनिवारी मात्र तो मोठ्या पडद्यावर लागला, खाली आपल्या भाषेतल्या ओळींसकट. ताईला बोलावलं तर म्हणाली, "मला गिऱ्हाइकाच्या चार पँट्स आखूड करायच्यात." छोटी दुपारच्या खेळाला एकटीच गेली. थिएटर भरलेलं होतं. तळ्यात पाय टाकल्यावर वर येणारे बुडबुडे, ओल्या ढगांतून निथळणारं पाणी, सगळं तेच होतं आणि तिला वाटलं होतं त्याहून सुंदर होतं. फक्त मासा अख्ख्या सिनेमात चारच वाक्यं बोलला. सगळी कुरकुर ताईची होती तर! छोटीला हसू आलं.

मग तो काठ आला. आईने मान वर केली. हसली. खाली ओळ उमटली: "मला इथे कुणी डांबलेलं नाही. मी माझ्या पायांनी आले. तू घरी जा."

आजूबाजूला लोक मुसमुसायला लागले. ते याच जागेसाठी तर आले होते. छोटी मात्र तोंडात मारल्यासारखी बसून राहिली.

तिथून ती तडक ताईच्या दुकानात गेली. कपडे दुरुस्तीचं दुकान ते, एक मशीन आणि दोन स्टुलं. ताई पँटची जुनी शिवण उसवत होती.

"ती आई परत येणार नसते, ताई. तू सरळ ध चा मा केलास!"

"मला काय जपानी येत होतं? बाई हसली. हसत हसत माणूस जे बोलेल, ते मी बोलले."

"आणि त्याच्यावर मी पंचवीस वर्षं दाराचं कुलूप बदललं नाही, त्याचं काय?"

ताईने पँट बाजूला ठेवली. "कशासाठी?"

"आई येईल म्हणून. तिच्याकडे जुनी किल्ली आहे."

ताई म्हणाली, "ती गेली तेव्हा मी दारात उभी होते. तिने बॅग उचलली, मला बाजूला सारलं आणि जिना उतरली. एक शब्द बोलली नाही. त्या सिनेमातल्या आईने निदान पोरीला उत्तर तरी दिलं."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"सहा वर्षांच्या पोरीला? तुला रोज आई हवी होती. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि तुझी आई व्हायचं. मला तो सिनेमा कधीच आवडला नाही, छोटे. तुला आई मिळाली. मला कोण म्हणालं, रडू नकोस?"

छोटीला भयंकर राग आला होता आणि तितकीच लाज वाटत होती. ताई खूश होईल असं एकच तिला सुचलं.

"सोमवारी मी हो म्हणून सांगते. जाते तिकडे."

ताईने पँट पुन्हा मांडीवर ओढली.

"जा," ती म्हणाली. "दारात उभं राहायची सवय आहे मला."