चौथीच्या वर्गाखालचा कोळसा

“जरा पाय वर घे गं,” म्हणत मावशी शेवटच्या बाकाखाली शिरली. बाकावरच्या मुलीने पाय पोटाशी घेतले आणि वाकून पाहू लागली. भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेली काचेची पट्टी मधोमध तडकली होती. परवाच लावलेली. तिच्या दोन्ही टोकांचं सिमेंट अजून पुरतं सुकलंही नव्हतं.

“पुन्हा?” फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकेने विचारलं. चौथीचा वर्ग त्या स्वतःच घेत.

“पुन्हा.”

“मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, काच कच्ची असेल.”

“एका महिन्यात तीन काचा कच्च्या निघत नाहीत, बाई.”

मावशीने भिंतीतल्या भेगेत मोजपट्टी घालून मोजलं. सहा मिलिमीटर. मागच्या आठवड्यात चार होतं. तिने खिशातल्या वहीत आकडा लिहिला आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली. तेवढ्यात पायाखालून धप्प असा आवाज आला, लांबून यावा तसा. खाली सुरुंग उडाला होता. छताची थोडी माती मुलांच्या वह्यांवर पडली. मुलांनी ती फुंकरीने उडवली आणि पुढचं गणित उतरवायला घेतलं.

बारा वर्षांपूर्वी मावशीचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला, तेव्हा त्याच्या जागेवर तिला मोजणी विभागात घेतलं. गावातल्या ज्या ज्या भिंतीला भेग होती, तिथे आडवी काच लावायची आणि रोज फेरी मारून ती शाबूत आहे का पाहायचं, एवढंच काम. जमीन केसभर हलली तरी भिंत सांगत नाही, काच सांगते, असं तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. अशा एकशे चाळीस काचा तिच्याकडे होत्या. टपालघरात, न्हाव्याच्या दुकानाच्या चौकटीवर, दवाखान्याच्या जिन्यात. वर्षानुवर्षं त्या नुसत्या धूळ खात. लोक तिला काचमावशी म्हणत. “काय मावशी, गाव आहे ना जागेवर?” असं कुणीतरी रोज विचारायचं, आणि “काल होतं तिथेच आहे,” हे तिचं उत्तर ठरलेलं होतं.

त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर तिला तसं म्हणता आलं नसतं.

मोजणी साहेब तिच्या मुलाच्याच वयाचा होता. माणूस सरळ. तिने आकडा सांगताच त्याने दार लोटून घेतलं आणि टेबलावर नकाशा पसरला. नकाशावर कोळशाचे चौकोन होते. वरचं छत तोलून धरण्यासाठी जमिनीखाली ठेवलेले हे खांब. आता खाण तेच काढत होती, एकेक करून.

“पाच निघाले. सात राहिलेत,” तो म्हणाला.

“आणि शाळा?”

त्याने पेन्सिलीचं टोक राहिलेल्यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनाच्या मध्ये टेकवलं. “इथे थर सगळ्यात जाड आहे, मावशी. बाकी सगळीकडे खरवडून झालंय. हे सात खांब सव्वीस दिवसांत निघतील. निघाले, तर पलीकडच्या नव्या खाणीला परवानगी मिळेपर्यंत आपण तग धरू. नाही निघाले, तर वर्ष काढणं कठीण आहे.”

“मग सव्वीस दिवस शाळा तरी दुसरीकडे हलवा.”

“का हलवली म्हणून विचारतील. लेखी उत्तर द्यावं लागेल. ते वाचून निरीक्षक येणार, आणि आला की आधी काम बंद करणार.” तो खिडकीशी गेला. खाली बसस्थानक होतं, त्यापलीकडे बाजार. “या गावात खाण सोडून काय आहे, तुम्हीच सांगा.”

मावशीने खरोखरच विचार केला. बस पाळ्यांच्या वेळेवर सुटत. शिंपी खाणीचे गणवेश शिवायचा, टायरवाल्याकडे खाणीच्या गाड्या यायच्या. दवाखाना खाणीचा, नळाला येणारं पाणी खाणीच्या पंपाचं. भोंगा वाजला की लोक उठत आणि भोंगा वाजला की जेवत.

“खोटं लिहा असं मी म्हणत नाही,” साहेब म्हणाला. “हा आकडा नोंदवहीत महिनाअखेरीस चढवा, इतकंच.”

तो रागावून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो विनवण्या करत होता.

संध्याकाळी ती बाजारातून घरी निघाली, तेव्हा गावाला सगळं कळलेलं होतं. न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आणि कधी नव्हे ते तिची तब्येत विचारून गेला. शिंप्याने बसायला स्टूल पुढे केलं. दुकानात तिच्या आधी सहा माणसं उभी होती, तरी दुकानदाराने तिचं सामान आधी बांधलं. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. उलट एकाने बाजूला होऊन वाट दिली.

“या मावशी, सांभाळून जा,” दुकानदार म्हणाला.

बारा वर्षांत तिला कुणी सांभाळून जा म्हटलं नव्हतं.

घरी मुलगा तिची वाटच पाहत होता. तो खाणीवर डंपर चालवायचा. सून ताटं मांडत होती आणि नात कोपऱ्यात चित्रं रंगवत होती. नातही चौथीतच होती.

“किती वाढलीय?” मुलाने हळू आवाजात विचारलं.

“सहा.”

त्याने कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, “उद्यापासून हिला घरी ठेवतो. ताप आलाय म्हणून कळवू.”

“म्हणजे तुला पटतंय, शाळा धोक्याची आहे ते.”

“तू सांगतेस म्हटल्यावर पटणारच. तुझा आकडा आजवर कधी चुकला नाही.”

“मग बाकीच्या पोरांचं काय?”

मुलाने ताट जवळ ओढलं. “आई, सव्वीस दिवसांचा प्रश्न आहे. हे काम थांबलं तर माझ्या डंपरमध्ये काय भरायचं, दगड? गावातल्या प्रत्येकाच्या पोटावर पाय येईल. आणि तो तू दिलास असं म्हणतील. बाबा गेले त्याच खाणीने आपल्याला जगवलं, हे तरी विसरू नकोस.”

“विसरले नाही,” ती म्हणाली.

सुनेने वाढता वाढता तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

दुसऱ्या दिवशी मावशी शाळेत पोहोचली तेव्हा हजेरी चालू होती. मुख्याध्यापिका नाव घेत होत्या आणि बहुतेक नावांना उत्तर येत नव्हतं. मावशी दारातच थांबली. न्हाव्याची मुलगी नव्हती. शिंप्याचा मुलगा नव्हता. दवाखान्यातल्या नर्सची जुळी नव्हती. साहेबाचा मुलगाही नव्हता.

“तापाची साथ आलीय म्हणे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “एकतीसपैकी बावीस जण घरी.”

उरलेले नऊ जण मावशीने नीट पाहून घेतले. ते सगळे राखेच्या टेकडीपलीकडच्या पत्र्याच्या वस्तीतले होते. त्यांचे आईबाप कंत्राटदाराने लांबून आणलेले. पहाटेच्या पाळीला निघायचे, अंधारून आल्यावर परतायचे. बाजारात त्यांच्याशी मालाच्या भावापलीकडे कुणी बोलत नसे. त्यांना सांगणार कोण होतं?

कालची मुलगी शेवटच्या बाकावर एकटीच बसली होती. मावशी जवळ येताच तिने आपणहून पाय वर घेतले.

“अगं, पुढे जाऊन बस की. सगळा वर्ग मोकळा आहे.”

“माझी जागा हीच आहे,” मुलगी म्हणाली.

मावशीने खाली वाकून पाहिलं. आता मोजपट्टीची गरज नव्हती, करंगळीचं टोक आत जात होतं.

“बाई, शाळा सोडा,” ती मुख्याध्यापिकेपाशी येऊन म्हणाली.

“माझ्या हातात काय आहे, मावशी? शाळेला पैसा खाण देते. माझा पगारही तिथूनच येतो.” त्यांनी हजेरीपट मिटला, स्वतः जाऊन नऊही मुलांना उठवलं आणि दाराजवळच्या तीन बाकांवर दाटीवाटीने बसवलं. “तुम्ही काही करणार असाल तर लवकर करा,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

खाणीच्या फाटकावर एक लाल पुठ्ठ्याची वही असे. धोका दिसला तर कुठल्याही कामगाराने त्यात लिहावं, आणि त्या पानाची प्रत त्याच दिवशी सरकारी सुरक्षा कार्यालयाला गेली पाहिजे, असा नियम होता. मावशीने बारा वर्षांत त्या वहीत कुणाला लिहिताना पाहिलं नव्हतं. तिने वही मागितली तेव्हा फाटकावरच्या कारकुनाने आधी ती सापडत नसल्याचं नाटक केलं. मग वही दिली आणि म्हणाला, “पेन चालत नाहीये, मावशी.”

“तुमच्या कानावरचं चालतं का बघा.”

त्याने कानावरचं पेन काढून दिलं. मावशीचं अक्षर मोठं आणि गिचमिड होतं. तिने जागा लिहिली, तीन काचा फुटल्याच्या तारखा लिहिल्या, भेगेचं माप लिहिलं. खाली लिहिलं, ‘वर्गात आज नऊ मुले बसलेली आहेत.’ सही केली. कारकून उलट्या बाजूने वाचत होता. त्याने वही मिटली आणि तिच्याकडे न पाहता प्रत काढायला आत गेला.

निरीक्षक दुसऱ्याच दिवशी आला. दुपारपर्यंत शाळेला कुलूप लागलं आणि खालचं काम थांबलं. मुलं कामगारांच्या सभागृहात बसू लागली. चौथीतल्या बावीसही जणांचा ताप एका दिवसात उतरला.

आणि शाळा पडली नाही.

आठवडा गेला, महिना गेला, भेग आहे तेवढीच राहिली. लोक मुद्दाम त्या वाटेने जात, शाळेकडे बघत आणि मग मावशीकडे बघत. तीन महिन्यांनी खाणीची एक पाळी बंद झाली. साहेबाची बदली झाली. जाताना तो भेटून गेला. नव्या खाणीची परवानगी आली नाही. वर्षाच्या आत भोंगा कायमचा थांबला. पहिले काही दिवस लोक त्या वेळेला बोलता बोलता गप्प होत आणि कान देत.

मग एकेक करून सगळंच आटलं. कंत्राटी मजुरांची वस्ती एका सकाळी ट्रकांत बसून निघून गेली, नऊच्या नऊ मुलांसकट. बसच्या अकरा फेऱ्या होत्या त्या दोनवर आल्या. टायरवाल्याने दुकान बंद केलं. शिंपी जुने कपडे उसवून पुन्हा शिवू लागला. दवाखान्यात उरली एक नर्स. मावशीला कुणी तोंडावर कधी काही बोललं नाही. ती दुकानात गेली की बोलणं थांबायचं, आणि दुकानदार तिचं सामान सगळ्यांच्या शेवटी बांधायचा.

मुलाला दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका खाणीत काम मिळालं. सामान चढवून झालं तेव्हा सून म्हणाली, “आई, तुम्हीही चला.” मुलगा दोर आवळत होता. त्याने मान वर केली नाही. मावशी म्हणाली, “जागा लागली की सांगा. मग बघू.” त्यानंतर सुनेचा फोन महिन्यातून दोनदा यायचा, नात बोलायची. मुलगा कामावर असायचा. तो कायमच कामावर असायचा.

भोंगा थांबल्याला दीड वर्ष झाल्यावर, एका दुपारी, जेवणं उरकून लोक लवंडलेले असताना जमिनीतून एक लांबलचक आवाज आला. सुरुंगासारखा नव्हे, जड सामान कुणी फरशीवरून ओढत न्यावं तसा. मावशी पोहोचली तेव्हा शाळेभोवती पंधरावीस माणसं जमली होती. व्हरांडा अर्धा उरला होता. चौथीचा वर्ग होता तिथे खड्डा होता, आणि खड्ड्याच्या तळाशी काळं पाणी हळूहळू वर चढत होतं.



“रिकामी होती म्हणून बरं,” शेवटी न्हावी म्हणाला.

“खाण चालू असती तर पंप चालू राहिले असते,” मागून दुकानदाराचा आवाज आला. “आत पाणी भरलंच नसतं. पाण्यानेच खचलं हे. नाहीतर उभी होती की इतके दिवस.”

न्हाव्याने मावशीकडे पाहिलं, ती काही म्हणेल म्हणून. दुकानदाराचं खरं असू शकत होतं. आपलंही खरं असू शकत होतं. नकाशा पाहून सांगू शकला असता असा एकच माणूस होता, आणि तो कुठे होता हे तिला ठाऊक नव्हतं. माणसं एकेक करून पांगली. मुख्याध्यापिका तेवढ्या थांबल्या. त्यांनी मावशीचा दंड धरला, आणि दोघी कडेपासून दहा पावलं मागे सरून उभ्या राहिल्या.

घरी येऊन मावशीने मुलाला फोन लावला. आपणहून तिने त्याला असा फोन कधी केला नव्हता. पलीकडे यंत्रांचा घरघराट होता.

“शाळा खचली,” ती म्हणाली. “आज दुपारी. चौथीचा वर्ग पूर्ण गेला.”

घरघराट लांब गेला. तो बाजूला कुठेतरी जाऊन उभा राहिला असावा.

“कुणी होतं आत?”

“नाही.”

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, पण तो गेला नाही. मग त्याने घसा साफ केला.

“आई, जेवलीस का?”

सकाळपासून चूल पेटली नव्हती.

“जेवले रे,” मावशी म्हणाली. फोन खाली ठेवून ती एका माणसापुरत्या भातासाठी भांडं घासायला उठली.