इस्त्री केलेली चित्रं

मी आहे एक जुनी फळी, मित्रांनो, इस्त्रीची. दोरीच्या पलीकडून तुम्ही मला पाहता आणि शेजारच्या पाटीवर वाचता की हे एका थोर चित्रकाराचं मेज आहे. पाटी खोटी नाही. पण ती माझ्या म्हातारपणापासून सुरू होते, आणि माझं खरं आयुष्य त्याआधीच होऊन गेलं.

सुताराने दोन फळ्या जोडून मला बनवलं. साग म्हणून विकलं. आतलं लाकूड कुठलं ते मला ठाऊक आहे, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या जोडप्याने मला घेतलं त्यांची जिन्याखाली एक खोली होती. पुढच्या अर्ध्यात इस्त्रीचं दुकान, मागच्या अर्ध्यात संसार. माझ्या अंगावर जुनं ब्लँकेट, त्यावर चादर, आणि दिवसभर कोळशाची जड इस्त्री इकडून तिकडे. नवरा घरोघरचे कपडे आणायचा आणि पोचवायचा. इस्त्री बाई करायची. माझी बाई.

तिला एक नाद होता. संध्याकाळी काम आटपलं की ती ब्लँकेट काढून माझ्यावर कागद पसरायची आणि चित्रं काढायची. कशाची? कपड्यांची. कोपरात फुगलेली बाही, खिशाशी ताणलेला सदरा, गुडघ्यात वाकलेली विजार. चित्रात माणूस एकही नसायचा, तरी कपडा कोणाचा ते नवऱ्याला लगेच कळायचं. "अगं, हे तर आपले मास्तर!" म्हणून तो हसायचा. ती खूश व्हायची.

ओल्या रंगाने कागद वळतो, त्याला लाटा येतात. शिकलेले चित्रकार कागद आधीच ताणून चिकटवतात. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं, आणि सुरकुती दिसली की तिला चैन पडत नसे. एकदा तिने चित्रावर दमट फडकं टाकलं आणि निवत आलेली इस्त्री फिरवली. थोडा रंग फडक्याला लागला, बाकीचा कागदात मुरला. चित्र धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखं दिसायला लागलं. त्यानंतर तिचं प्रत्येक चित्र इस्त्री होऊनच माझ्यावरून उठलं.

शहरात दरवर्षी चित्रांचं मोठं प्रदर्शन भरायचं. नवऱ्याने लकडाच लावला, तेव्हा ती एक चित्र घेऊन गेली. परत आली आणि कपड्यांवर पाणी शिंपडत बसली, नको इतकं.

"म्हणाले, छापील चित्रं घेत नाही."

"छापील? मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. तर म्हणे, हाताचं असतं तर कागद इतका सपाट कसा? मी म्हटलं, इस्त्री केली. सगळे हसायला लागले."

"आणि तू?"

"मी पण हसले. काय करू?"

आमच्या गिऱ्हाइकांत एक चित्रकार होते. वडील नामांकित वकील, राहायला बंगला, प्रदर्शनवाल्यांचं घरी जेवणखाण. एकदा ते कोट न्यायला स्वतः आले आणि माझ्यावरचं चित्र बघून उभेच राहिले. "ताई, हे कसं केलंत?" इतक्या आपुलकीने तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने सगळं करून दाखवलं.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस चोर निघणार. तसा निघाला असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी आपली चित्रं इस्त्री केली, त्याच प्रदर्शनात मांडली आणि व्यासपीठावरून मोकळेपणाने सांगितलं, "हे मी एका इस्त्रीवालीकडून शिकलो." टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्तमानपत्रात आलं की केवढा हा प्रयोग, आणि एवढ्या मोठ्या घरचा माणूस किती निगर्वी!

"यात तुझं नाव कुठाय?" नवऱ्याने विचारलं.

"एक इस्त्रीवाली म्हटलंय की," ती म्हणाली आणि कॉलर दाबायला लागली.

पुढच्या वर्षी चित्रकारांच्याच आग्रहावरून तिने पुन्हा चित्र नेलं. या खेपेला कोणी हसलं नाही. परीक्षक म्हणाले, "चांगलं आहे, पण ही त्यांची नक्कल झाली." चित्रकार तिच्या बाजूने भांडले, तर शिष्येसाठी किती जीव टाकतात म्हणून त्यांचंच कौतुक झालं. आधी छापील, मग नक्कल. ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. चित्रं मात्र काढत राहिली आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवत राहिली.

मग चित्रकारांनी मला मागून घेतलं आणि बदल्यात तिला नवं टेबल दिलं. बंगल्यात मला उजेडाची प्रशस्त खोली मिळाली. तिथे माणसं हळू आवाजात बोलायची, हसायचं कोणी नाही. मला करमलं नाही, ते आजतागायत. पुढे ते वारले, बंगल्याचं संग्रहालय झालं आणि माझ्याभोवती दोरी आली.

गेल्या हिवाळ्यात बाई आली. केस पांढरे, लेकीचा हात धरलेला. लेकीने पाटी वाचून दाखवली.

"आई, सांग की त्यांना."

बाईने दोरीवरून वाकून तळवा माझ्यावर टेकवला. किती वर्षांनी! तेवढ्यात पहारेकरी धावत आला.

"आजी, हात नाही लावायचा. मौल्यवान वस्तू आहे ती."

"हो का?" ती म्हणाली आणि तिने हात काढून घेतला.

मला ओरडावंसं वाटलं. लाकडाला ओरडता येत नाही.

मित्रांनो, माझी इथे उत्तम निगा राखतात. मऊ फडक्याने पुसतात, वाळवी लागू नये म्हणून औषध मारतात. माझी काळजी करू नका. तुम्हाला खरंच काही जपायचं असेल तर जिन्याखालच्या त्या खोलीत जा. तिथल्या जमिनीला ओल येते, ट्रंकेचा पत्रा गंजला असेल, आणि कागदाला वाळवी लाकडाच्या आधी लागते. लेकीच्या बोलण्यावरून कळलं, बाई अजून तिथेच राहते. दार वाजवा, आणि चित्रं बघायला मागण्याआधी तिला तिचं नाव विचारा.