रद्द करणारी बाई

बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत जिचा जन्म गेला, तिला रद्द करणं कुणी शिकवायला नको. बाहेरून प्रवासी तोंड वेडंवाकडं करून म्हणायचा, "बाई, जाणं होत नाही हो," आणि आतली बाई तिकीट ओढून घेऊन रद्द करायची. प्रवाशाने स्वतः कधी काही रद्द केलंय? छे! त्याने नुसतं सांगायचं. मग मशीन विचारायचं, कपात किती? ती आकडा मारायची, उरलेले पैसे हातावर ठेवायची. ही सवय हाडीमाशी खिळलेली होती, आणि तिनेच पुढे घात केला.

नवरा त्याच स्टँडवरचा ड्रायव्हर. मोठा चेष्टेखोर माणूस. गाडी लावून खिडकीशी यायचा आणि सगळ्या रांगेदेखत म्हणायचा, "बाईसाहेब, घरी जायचं एक तिकीट द्या." लग्नानंतरही ती बाईसाहेबच राहिली. दोघं निवृत्त झाल्यावर तर त्याची घरभर अखंड बडबड. ती वैतागून म्हणायची, "अहो, ती जीभ जरा गॅरेजला लावा." मग एका सकाळी चहा पिता पिता अर्धांगाचा झटका आला आणि जीभ खरोखरच बंद पडली. आपलं ते बोलणं आठवलं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

त्याला उपचार केंद्रात ठेवलं. तिथल्या एक मॅडम त्याला बोलायला शिकवायच्या. आधी नुसतं "पा", मग "पाणी", आणि एके दिवशी तिला दारात बघून तो घामाघूम होत "बाई" म्हणाला. ती तिथेच ढसाढसा रडली. मॅडम म्हणाल्या, "काकू, आता सोडू नका. जीभ वळायला लागलीय. अजून एक महिना नेटाने केला तर बोलतील. मध्येच तुटलं तर आलंय तेवढ्यावरच अडकून बसतील, सांगून ठेवते."

महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे असत. मागचे लेकीने भरले होते, तेव्हा जावयाच्या कपाळावरची आठी फोनवरूनही दिसली होती. म्हणून लेकीनेच तोड काढली. घरातली चांगली खोली, दोघांची, अ‍ॅपवर पाहुण्यांसाठी भाड्याने लावून दिली. पाहुण्याने पैसे आधी भरायचे, कंपनीने ते धरून ठेवायचे, आणि पाहुणा येऊन एक रात्र राहिला की यजमानाच्या खात्यात सोडायचे. पाहुण्याने ऐन वेळी रद्द केलं तरी पैसे यजमानालाच, असा कडक नियमही लेकीनेच निवडला होता. बाईने स्वतःची गादी स्वयंपाकघरात ओट्यापाशी टाकली.

आणि काय नशीब! पूर्ण महिन्याचं बुकिंग आलं. जवळच्या मोठ्या दवाखान्यात एका मुलीच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. बाईने धुवून ठेवलेली चादर पुन्हा एकदा धुतली आणि केंद्राच्या मॅनेजरला सांगून टाकलं, पैसे येतायत, खाट कुणाला देऊ नका.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी तिचाच फोन आला. "काकू, बाबा गेले. घरीच गेले. अ‍ॅप म्हणतंय, मी रद्द केलं तर मला काहीच परत नाही. अर्धे तरी मिळतील का हो?"

"अगं, रडू नकोस," ती म्हणाली. "तू काही करू नकोस. मी बघते." अर्ध्यात मॅनेजरची समजूत काढता येईल, उरलेलं कुठून तरी उभं करू, असा हिशोब तिने मनात केला. मग फोन नाकाशी धरून तिने रद्दचं बटण शोधलं आणि दाबलं. अ‍ॅपने विचारलं, नक्की? तिने नक्की म्हटलं आणि कपातीच्या प्रश्नाची वाट बघत बसली. प्रश्न आलाच नाही. आली ती सूचना: पाहुण्याला पूर्ण परतावा, यजमानाला दंड, तारखा बंद.

तिने घाबरून कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस लोण्यात घोळून बोलत होता. "मॅडम, बुकिंग रद्द कुणी केलं?"

"मीच केलं, पण तिच्यासाठी!"

"म्हणजे यजमानाने केलं. त्यांनी रद्द केलं असतं तर पैसे तुमचे होते. मग तुम्ही हवे तेवढे परत देऊ शकला असतात."

"बरं बाबा, तारखा तरी उघड. दुसरं कुणी येईल."

"तसं होत नाही, मॅडम. जास्त भाडं देणारा आला की पहिल्याला हाकलतात, असे यजमान असतात. त्यांच्यासाठी नियम आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! ती भांडली, रडली, शेवटी तिने फोन ठेवला. नियम आहे, पुढे व्हा, हे तिनेही जन्मभर म्हटलंच होतं.

मग मुलीचाच निरोप आला. 'काकू, सगळे पैसे परत मिळाले! त्यातूनच बाबांचं शेवटचं सगळं करतेय. देवमाणूस आहात.' तिने उत्तर लिहायला घेतलं, 'बाळा, त्यातले अर्धे माझे,' आणि खोडून टाकलं. बापाच्या सरणापाशी हात पसरायचा कसा? हात दाखवून अवलक्षण केलं होतं, ते आपणच भोगायचं. लेकीला तिने काही सांगितलंही नाही.

केंद्राने खाट दुसऱ्याला दिली. नवरा घरी आला. बंद तारखांची खोली रिकामीच होती, पाहुणीसाठी घातलेल्या चादरीवर त्याला झोपवलं. तिने मॅडमसारखं ओठ ताणून शिकवून पाहिलं, "बाई... सा... साहेब..." तो चिडला, डाव्या हाताने गादीवर मारत राहिला, मग लहान मुलासारखा रडला. असं रोज झालं. पुढे पुढे तो प्रयत्नही करेना.

एका दुपारी ती त्याच्या उशाशी डाळ निवडत बसली होती. त्याने डोळे उघडले, डावा हात तिच्यापुढे केला आणि म्हणाला, "बाई." रांगेतल्या कुठल्याही परक्या माणसासारखं.

"बोला ना," ती म्हणाली. ताट बाजूला ठेवून ती वाट बघत थांबली. पुढचं काही आलं नाही.