दिवा विझल्यावर घेतलेलं नाव

मित्रांनो, जरा मागे सरका. फुंकर मारू नका, टिचकी मारू नका आणि 'हॅलो हॅलो' तर मुळीच म्हणू नका. मी एक जुना माईक आहे. आता माझ्या तारेला पुढे काहीच जोडलेलं नाही, त्यामुळे तुम्ही घसा फोडून ओरडलात तरी ते या खोलीबाहेर जाणार नाही. पण एके काळी माझ्यापुढे बोललेलं सगळं छापून यायचं. एडिनबरोला, स्कॉटलंडच्या संसदेत, मी नोकरीला होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडं त्याच आठवड्यात जन्मली, त्यामुळे कुणाचंच बारसं झालं नाही. वाकणारी बारीक मान, टोकाला काळं डोकं आणि गळ्याभोवती लाल दिव्याचं कडं, एवढाच आमचा थाट. संसदेची नवी इमारत उभी राहिली तेव्हा आम्हाला एकेका सभासदाच्या मेजावर बसवलं. मला मिळाली अगदी वाटेच्या कडेची जागा. वाटेच्या अलीकडे एक पक्ष, पलीकडे दुसरा. मधे दोन माणसं जेमतेम चालतील एवढंच अंतर.

आता माझं काम समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. वर काचेआड एक बाई बसायची. अध्यक्षांनी ज्याचं नाव पुकारलं, त्याच्या माईकचा दिवा ती लावायची. दिवा लागला की मी ऐकलेलं पुढे पोचवायचं. दिवा विझला की माझे कान चालू, पण तोंड बंद. सभागृहाच्या मधोमध अहवाल लिहिणारी माणसं हेडफोन लावून बसत आणि पाळीपाळीनं उठून वर लिहायला जात. अडखळणं, तेच तेच बोलणं ती गाळत, पण अर्थाला हात लावत नसत. संध्याकाळी अहवाल बाहेर पडला की तो कायमचा. चुकलेला आकडा दुरुस्त करता यायचा. न नोंदलेलं वाक्य मागाहून घुसडता यायचं नाही, मग तुम्ही मंत्री का असाना.

याशिवाय दुसरा एक कागद निघायचा, निर्णयांचा. त्यात बडबडीला थारा नाही. अमुक ठराव आला, इतकी मतं पडली, मंजूर झाला किंवा पडला, बास. पाच वाजता मतदान व्हायचं आणि बहुतेक मंडळी कोट उचलून घरी पळायची. मागे राहिलेले थोडे सभासद आपापल्या गावच्या एखाद्या विषयावर चर्चा करत. त्या चर्चेत मतदान नसे. निर्णयांच्या कागदावर तिची एक ओळ येई, चर्चा झाली म्हणून. बाकी जे काही उरायचं ते अहवालातच.

माझे धनी होते वॅटी क्रुकशँक. ईशान्येकडच्या कोळ्यांच्या गावचे, पोट सुटलेले, आवाज बंदरावरून बोटीला हाक मारावी तसा. सतत पुदिन्याच्या पांढऱ्या गोळ्या चघळायचे. ते चघळणं मी वर्षानुवर्षं अगदी जवळून ऐकलं आहे, आणि ते काही ऐकण्यासारखं नव्हतं. पण त्यांचं खरं व्यसन गोळ्यांचं नव्हे, मधेच बोलण्याचं. दिव्याची वाट बघणं या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

आरोग्यमंत्री कागद धरून एकसुरात वाचत असले की हे जागेवरूनच म्हणणार, "पान उलटा साहेब, पुढे गोष्ट रंगते!" बेटांवर जाणाऱ्या बोटींना पुन्हा उशीर होणार असं कुणी सांगितलं की हे विचारणार, "मग तोवर पोहायला शिकू का?" सभागृह खो खो हसायचं. मंत्री मात्र खाली मान घालून पुढचं वाक्य वाचायचे.

अहवाल लिहिणाऱ्यांत ग्रिझेल लिअरमंथ नावाच्या बाई होत्या. त्या हेडफोन गुंडाळायला लागल्या की क्रुकशँक त्यांना गाठायचे.

"काय ग्रिझेलबाई, आजचा टोला घेतला का?"

"नाही साहेब. कुणी उत्तर दिलं नाही त्याला."

"म्हणजे मी बोललोच नाही म्हणा की!"

"बोललात हो. सगळ्या सभागृहानं ऐकलं. पण नियम तुम्हाला माहीत आहे. जागेवरून कुणी काही बोललं आणि भाषण करणाऱ्यानं त्याला उत्तर दिलं, तरच आम्ही ते नोंदतो."

"अहो, पण ही माणसं मुद्दाम उत्तर देत नाहीत!"

हे खरं होतं. सगळ्या पक्षांत तेवढ्या एका गोष्टीवर एकी होती. नवा सभासद आला की जुने त्याच्या कानात सांगत, "तो क्रुकशँक काहीही बोलू दे, तू गप्प राहा. उत्तर दिलंस की त्याचं छापून येईल." त्यामुळे इतक्या वर्षांत क्रुकशँक यांचा एकही विनोद अहवालात आला नव्हता. त्यांच्या रीतसर भाषणांत ते मासेमारीच्या जाळ्यांबद्दल इतकं कंटाळवाणं बोलत, की अहवाल वाचणाऱ्याला हा माणूस विनोदी आहे असा संशयही आला नसता. त्यांना याचं दुःख होतं. मला फारसं नव्हतं.

वाटेच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल अशा जागी, एफी मॅकफेल बसायच्या. पश्चिमेकडच्या बेटावरून निवडून आलेल्या, वयानं क्रुकशँकांपेक्षा बऱ्याच लहान, पण जीभ तशीच धारदार. दोघांचं एका गोष्टीवर पटलं असेल तर शपथ.

"वॅटी, तुमच्या जिभेवरचा पोपट आज फार बोलला."

"पोपटाला निदान बोलता येतं तरी. तुझ्या पक्षाला तेही लिहून द्यावं लागतं."

असं रोजचं. ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो, पण दोघांपैकी एकजण गैरहजर असला की दुसऱ्याला करमायचं नाही, हेही मी पाहिलं होतं.

एका हिवाळ्यात पाचच्या मतदानानंतरची चर्चा एफीबाईंनी मागून घेतली. बाकं बहुतेक रिकामी झाली होती. वर प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्याच रांगेत एक म्हातारी बाई कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती. खुर्चीत त्या दिवशी उपाध्यक्षबाई होत्या. वेळेच्या बाबतीत भारी कडक. बोलणाऱ्यांची यादी लांब होती, म्हणून त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "वेळ संपली की दिवा विझेल. मग कुणी रागावू नका."

एफीबाई उठल्या. त्यांच्या बेटावरची 'रिओनाग' नावाची मासेमारीची बोट फार वर्षांपूर्वी वादळात बुडाली होती. एकही माणूस परत आला नाही.

"अध्यक्षबाई, कागदावर त्या बोटीवर चार माणसं होती," त्या म्हणाल्या. "खरं तर पाच होती. बोटीचा आचारी त्या पहाटे तापानं फणफणला होता, म्हणून त्याचं नाव तेवढं कागदावरून खोडलं. त्याच्या जागी धक्क्यावरचा एक जण उडी मारून चढला. त्याचं नाव कागदावर चढवायला वेळ कुणाला होता? नंतर चौकशी झाली, ती त्याच कागदावरून. धक्क्यावर दगड उभारला, त्याच्यावर नावं कोरली, तीही त्याच कागदावरून. त्या माणसाची मुलगी पेगी आज वर सज्जात बसली आहे. तिनं जन्मभर पत्रं लिहिली. सगळीकडून एकच उत्तर आलं, 'अधिकृत नोंदीत हे नाव नाही.' दगडाची देखरेख करणारी मंडळी म्हणतात, 'पेगी, एक सरकारी कागद दाखव, उद्या नाव कोरतो.' तर अध्यक्षबाई, तो कागद आज या सभागृहात तयार होणार आहे. दगडावर आहेत त्याच क्रमानं चार नावं मी शेवटी वाचीन, आणि त्यांच्याखाली पाचवं."

तेवढ्यात क्रुकशँक उठले. भाषण करणाऱ्यानं होकार दिला तर मधे बोलता येतं, पण तो वेळ त्याच्याच भाषणातून जातो. एफीबाईंनी सौजन्यानं मान हलवली आणि माझा दिवा लागला.

मित्रांनो, या वेळी त्यांच्या मनात टवाळी नव्हती. त्यांचा सख्खा काका समुद्रानं नेला होता. ते काकाबद्दल बोलायला लागले, मग काकाच्या बोटीबद्दल, मग काकूनं कितीतरी वर्षं दारातला कंदील कसा उतरवला नाही त्याबद्दल. खुर्चीतून दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला. क्रुकशँकांना तो ऐकूच गेला नाही.

ते बसले तेव्हा एफीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि हातातली दोन पानं सरळ बाजूला टाकली. घाईघाईनं त्या नावं वाचू लागल्या. एक. दोन. तीन. "बाई, वेळ संपली," खुर्चीतून आवाज आला. त्यांनी चौथं वाचलं. आणि पाचव्या नावासाठी त्यांनी तोंड उघडलं, तोच त्यांच्या माईकचा दिवा विझला.

नाव त्यांनी घेतलं. मोठ्यानं घेतलं. वाटेच्या अलीकडे मी ते स्वच्छ ऐकलं. वर पेगीनंही ऐकलं असावं, कारण तिनं रुमाल काढला. तिला बिचारीला दिव्याचं काय माहीत! तिच्या लेखी काम झालं होतं.

पण दिवा विझल्यावरचं नोंदायचं नाही, म्हणून खाली ग्रिझेलबाईंनी हात थांबवून वर पाहिलं होतं. एफीबाईंना ते दिसलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अध्यक्षबाई, एकच शब्द..."

"खाली बसा. सगळ्यांना सारखाच नियम. पुढचे, वॅटी क्रुकशँक."

माझा दिवा लागला. क्रुकशँक उठले. त्यांच्या हातात भाषणाचे कागद होते. मला डोळे नाहीत म्हणून काही दिसत नाही असं समजू नका; माणूस इतका जवळ असला की कळतं. त्यांनी चघळणं थांबवलं होतं. ते एफीबाईंकडे बघत होते, आणि आपल्या काकानं कुणाचा वेळ खाल्ला हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. दिवा लागूनही ते हातातले कागद नुसते उलटत राहिले. त्यांच्या बाबतीत असं कधी घडलं नव्हतं.

"क्रुकशँकसाहेब, दिवा लागलाय," उपाध्यक्षबाई म्हणाल्या.

"दिसतोय, अध्यक्षबाई. उभा जन्म त्याचीच वाट बघत काढलाय मी."

थोडं हसू उमटलं. त्यांनी कागद मेजावर उपडे ठेवले आणि वाकून, इतकी वर्षं कधी आले नव्हते इतके माझ्या जवळ आले.

"सदस्यबाई आत्ता जागेवरून काहीतरी बोलल्या. दिवा नसताना. असं मधेच बोलणं बरं नव्हे, हे मी त्यांना नेहमी सांगत आलोय."

आता सगळेच हसले. एफीबाई सोडून.

"पण मला ते ऐकू आलं, आणि मी त्याला उत्तर देणार आहे. त्या म्हणाल्या, टॉर्कल मॅकऑली, रिओनाग बोटीचा त्या दिवसाचा आचारी. हेच म्हणालात ना, बाई?"

एफीबाईंच्या माईकचा दिवा लागला. काचेआडच्या बाईनं तो कुणाच्या सांगण्यावरून लावला ते मला माहीत नाही.

"होय," त्या म्हणाल्या. "टॉर्कल मॅकऑली."

"तर माझं उत्तर एवढंच, अध्यक्षबाई. ऐकलं. या सभागृहानं ऐकलं."

आणि ते बसले. जाळ्यांवरचं भाषण तसंच उपडं राहिलं. सज्जात कुणी टाळ्या वाजवू नयेत असा नियम आहे, पण पेगी उठून उभी राहिली आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली. मग खालची मंडळीही वाजवू लागली. उपाध्यक्षबाईंना नेमकं त्याच वेळी समोरच्या कागदात काहीतरी फार महत्त्वाचं वाचायचं होतं.

मला आनंद झाला, मित्रांनो. ते नाव माझ्यातून पुढे गेलं होतं. आयुष्यभर मी हजारो भाषणं वाहिली, त्यातलं एक वाक्यही मला आज सांगता येणार नाही. हे नाव मात्र विसरलो नाही.

ग्रिझेलबाई हेडफोन गुंडाळत होत्या तेव्हा क्रुकशँक हळूच जवळ गेले.

"आलं का हो?"

"अख्खं आलं साहेब. नाव दोनदा. टाळ्याही कंसात."

"आणि तो... दिव्याचा विनोद?"

"तोही. तुमचा दिवा लागलेला होता ना."

"शेवटी छापला म्हणायचा एकदाचा!" ते म्हणाले, आणि नाक शिंकरत निघून गेले.

निर्णयांच्या कागदावर त्या संध्याकाळची एकच ओळ आली, चर्चा झाली अशी. अहवालाचं पान मात्र पेगीनं बेटावर नेलं आणि दगडवाल्यांपुढे ठेवलं. उन्हाळ्यात एफीबाईंनी एक फोटो आणून वाटेपलीकडून क्रुकशँकांच्या मेजावर सरकवला. दगडावर पाच नावं होती. पाचव्याची अक्षरं ताजी, बाकीच्यांपेक्षा उजळ. क्रुकशँकांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाचही नावं वाचली. मग म्हणाले, "कारागीर बरा आहे. तुझ्या पक्षाचा नसणार." एफीबाईंनी त्यांना खांद्यावर एक धपका दिला.

पुढे क्रुकशँक निवडणूक हरले. त्यांच्या जागी आलेला माणूस दिव्याची वाट बघायचा, बेतानं बोलायचा आणि बसायचा. मला अगदी सुनं सुनं वाटू लागलं. मग नवे माईक आले, सडपातळ, हुशार. आम्हाला खोक्यात भरलं. भावंडांचं काय झालं कोण जाणे. मी इथे आलो, शाळेच्या मुलांना दाखवायच्या मेजावर. तुम्ही येता, फुंकर मारता आणि जाता. माझी मान आता सैल झाली आहे, तिला एवढं पिळू नका, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती त्याहून मोठी आहे. तुमच्या वर्गात, घरात, खेळाच्या मैदानावर कितीतरी माणसं असतील, ज्यांच्यापुढे दिवा कधीच लागत नाही. ती बोलतात, पण कुणी त्यांच्याकडे बघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती बोललीच नव्हती असं होऊन जातं. तुमच्यापुढे दिवा असेल आणि तुम्हाला त्यांचं ऐकू आलं असेल, तर आपले कागद क्षणभर उपडे ठेवा. त्यांचं नाव घ्या, आणि त्यांना उत्तर द्या.